रोज सायकलने कामावर जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि आमची उत्तरं

ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात ठराविक प्रश्न येतातच, आणि यायलाच हवेत, न विचारता रस्त्यावर उतरण्यापेक्षा दहा वेळा विचारलेलं चांगलं. मी बरीच वर्षं कामावर सायकलने जाते आणि नव्या लोकांबरोबर राइडला जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय. यात माझी मतंही आहेत, आणि त्यातलं मुख्य मत आधीच सांगते: रोज सायकल चालवायला स्टॅमिना लागतो त्यापेक्षा सोय जास्त लागते, आणि ती सोय एकट्याने जमवत बसण्यापेक्षा चार जणांनी मिळून केली की लवकर होते.

ऑफिस ८ किलोमीटरवर आहे आणि शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. जमेल का?

जमेल. अगदी निवांत चालवली तरी सायकल ताशी १५ किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे ८ किलोमीटरला अर्धा तास, सिग्नल आणि गर्दी पकडून ४० मिनिटं. फक्त पहिला दिवस सोमवार ठेवू नका. आधी सुट्टीच्या दिवशी सकाळी तोच रस्ता चालवून बघा, कुठे चढ आहे, कुठे रस्ता अरुंद होतो, कुठून गल्लीतून आत शिरता येतं हे घाई नसताना कळतं, आणि गाडीचा रोजचा रस्ता हाच सायकलचाही चांगला रस्ता असेल असं अजिबात नसतं. किलोमीटरभर वळसा पडला तरी चालेल पण शांत रस्ता धरा.

सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस पुरे. रोजच गेलं पाहिजे असं मनावर घेतलेले लोक पहिल्या पावसात किंवा पहिल्या सर्दीत बंद पडतात आणि मग परत सुरूच करत नाहीत. अंतर खूपच जास्त असेल तर अर्धं ट्रेनने अर्धं सायकलने, किंवा जाताना सायकल नेऊन ती तिथेच लावून बसने परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी उलट, असंही लोक करतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

पहिले काही दिवस बूड दुखतं, ते होतंच आणि जातंही. गुडघा दुखला तर मात्र थांबा, तो बहुतेक वेळा सीटच्या उंचीचा प्रॉब्लेम असतो.

सीटची उंची बरोबर आहे हे कसं कळणार?

भिंतीला टेकून सीटवर बसा, पॅडल अगदी खाली घ्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर येतो तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. नवीन लोकांची सीट जवळजवळ नेहमीच खाली असते कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं वाटतं. ते समजू शकते, भीती असते. पण सीट खाली म्हणजे गुडघ्यावर सगळा भार आणि दुप्पट दमछाक. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर टेकायची सवय करा, रिकाम्या जागेत पंधरा मिनिटं प्रॅक्टिस केली की जमतं. उंची एकदम वाढवायला भीती वाटत असेल तर दर दोन दिवसांनी बोटभर वर घ्या.

कोणती सायकल घेऊ?

घरात जी आहे ती. खरंच. ब्रेक लागतायत, चाकं सरळ फिरतायत आणि फ्रेम तुमच्या मापाची आहे एवढं असेल तर महिनाभर तीच चालवा, मग तुम्हाला स्वतःलाच कळेल की काय कमी पडतंय. घ्यायचीच असेल तर मडगार्ड आणि कॅरियर लावता येतो का ते आधी बघा, मग ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात का ते बघा, खड्ड्यांच्या रस्त्याला हे माप छान असतं. पुढच्या सस्पेन्शनला भुलू नका, साध्या डांबरी रस्त्यावर स्वस्तातलं सस्पेन्शन वजन वाढवतं, जोर खातं आणि वर मेंटेनन्स मागतं. रुंद टायरमध्ये बेताची हवा ठेवली की धक्के तसेही बरेच कमी होतात. हवा किती ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, तो आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही.

इलेक्ट्रिक सायकल चालेल का, की ते चीटिंग?

चीटिंग वगैरे काही नाही. चढ असेल, वय असेल, गुडघे कुरकुरत असतील, मागे मूल बसवायचं असेल तर इ-बाइकमुळे जो माणूस गाडी काढणार होता तो सायकलवर येतो, आणि आम्हाला तेवढंच हवंय. नियम देशागणिक वेगळे आहेत, युरोपियन युनियनमध्ये २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद अशी सायकल ही साधी सायकलच धरली जाते. बॅटरी मात्र तिच्याच चार्जरने चार्ज करा, आणि रात्रभर लावून झोपू नका.

घामाचं काय? ऑफिसला पोचल्यावर अवतार होतो.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. चालवत असताना वारा लागत असतो म्हणून घाम कळत नाही, थांबलात की एकदम फुटतो. त्यामुळे शेवटची दहा मिनिटं मुद्दाम हळू चालवा. पाठीवरची सॅक काढून कॅरियरला पिशवी लावली की अर्धा प्रश्न तिथेच संपतो, पाठ भिजते ती सॅकमुळे. कपड्यांचा एक जोड आणि छोटा टॉवेल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. आणि स्पीड. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने, म्हणजे वेग दुप्पट केला तर हवेसाठी आठपट ताकद. उलटं वाचा: थोडासा वेग कमी केला तर घाम खूप कमी, आणि ८ किलोमीटरमध्ये फरक पडतो जेमतेम पाच मिनिटांचा.

ट्रॅफिकची भीती वाटते. खरं सांगायचं तर तेच एक कारण आहे.

वाटायलाच हवी थोडी. पण भीती कुठे ठेवायची ते माहीत असलं की बराच फरक पडतो. नवीन माणसाला मागून येणाऱ्या गाडीची भीती वाटते, म्हणून तो रस्त्याच्या अगदी कडेला, गटाराच्या झाकणांवरून आणि मातीतून चालवतो. शहरातल्या कमी वेगाच्या रस्त्यांवर लक्ष द्यायच्या जागा बहुतेक वेळा पुढे असतात: चौक, वळणाऱ्या गाड्या, उघडणारी दारं.

पार्क केलेल्या गाड्यांपासून निदान मीटरभर लांब राहा, एक पूर्ण उघडलेलं दार मावेल एवढं. आत डोकं दिसतंय का, ब्रेक लाइट आत्ताच विझला का ते बघत जा. (आणि स्वतः गाडीत असाल तेव्हा दाराच्या लांबच्या हाताने दार उघडा, म्हणजे शरीर आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. नेदरलँड्सच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, आणि २०२२ मध्ये ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकातही, ती आली.)

ट्रक आणि बसच्या बाजूने पुढे घुसू नका, विशेषतः ती ज्या बाजूला वळू शकते त्या बाजूने तर कधीच नाही. ड्रायव्हर तुम्हाला आरशात बघू शकत नाही अशी मोठी जागा असते आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत येतात. सिग्नलला मोठी गाडी उभी असेल तर मागे थांबा. दहा सेकंद जातात, जाऊ देत.

लेन अरुंद असेल, म्हणजे गाडी तुम्हाला सुरक्षित अंतर ठेवून ओलांडूच शकणार नाही, तर कडेला चिकटू नका, लेनच्या मध्याजवळ या. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. जागा मिळाली की बाजूला होऊन त्याला हात दाखवा. सरळ रेषेत चालवा, पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरून परत बाहेर येणं सगळ्यात वाईट. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा, मग वळा, याच क्रमाने. मागे वळून बघताना हँडल त्याच बाजूला जातं, ते न जाऊ देण्याची प्रॅक्टिस मैदानात करा, रस्त्यावर नाही.

आणि पहिले काही दिवस एकट्याने जाऊच नका. कोणाला तरी बरोबर घ्या. आमच्याकडे नवीन माणसाच्या घरापासून ऑफिसपर्यंत जुना माणूस सोबत जातो, आधी जुना पुढे आणि नवा मागे, मग दोन दिवसांनी उलट. मागून सांगत राहायचं, थोडं आत ये, आता मागे बघ, हात दाखव. एवढ्याने जे होतं ते कितीही व्हिडिओ बघून होत नाही.

सायकलवाले जास्त झाले की अपघातही वाढतील ना?

एकूण आकडा वाढू शकतो, पण तुमची स्वतःची जोखीम कमी होते असं दिसलंय. पीटर जेकबसन या अभ्यासकांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की जिथे चालणारे आणि सायकलवाले जास्त, तिथे प्रत्येकाला गाडीची धडक बसण्याची शक्यता कमी. गाडी चालवणाऱ्यांना त्यांची सवय होते हे त्यांनी दिलेलं कारण. काही जण म्हणतात की जिथे रस्ते आधीच सुरक्षित असतात तिथेच सायकली जास्त निघतात, तेही खरं असणार, दोन्ही एकमेकांना ओढतात. तुम्ही रस्त्यावर दिसणं हे बाकीच्यांच्याही कामाचं आहे, एवढं नक्की.

हेल्मेट घालू का?

घाला. भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही आकार, हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल एवढी ढिलाई. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळ उघडं ठेवतं. एकदा जोरात आपटलं की बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोलसारखं फोम एकदा दबलं की परत काम करत नाही. पण हेल्मेटकडून काय अपेक्षा ठेवायची तेही समजून घ्या, युरोपच्या ईएन १०७८ स्टँडर्डमध्ये साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर पडण्याएवढी टेस्ट असते. ते पडल्यावर मदत करतं, गाडीला तुमच्यापासून लांब ठेवत नाही. ते काम लाइट, जागा आणि चांगला रस्ता यांचं आहे.

लाइट कोणते?

पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही चार्ज केलेले. पुढचा लाइट जमिनीकडे थोडा झुकवा, समोरच्याच्या डोळ्यात जात असेल तर त्याला तुम्ही दिसत नाही, फक्त लाइट दिसतो आणि अंतराचा अंदाज येत नाही. पॅडलवरचे रिफ्लेक्टर काढू नका, वरखाली हलणारा ठिपका बघितला की माणूस सायकल आहे हे लगेच ओळखतो.

पावसात काय करायचं?

मडगार्ड नसेल तर पाऊस थांबल्यावरही तुम्ही भिजता, म्हणून तो पहिला. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, लवकर दाबायला सुरुवात करा, आधी हलकं दाबून पाणी पुसून घ्या आणि मग जोर द्या. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ ओले असताना गुळगुळीत होतात, त्यांच्यावर वळू नका, ब्रेक मारू नका, रूळ शक्य तेवढा काटकोनात ओलांडा. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही तर उतरून चाला. घरी आल्यावर चेन कोरड्या कापडाने पुसून तेल. बस.

ब्रेक पुढचा दाबू की मागचा? पुढचा दाबला की उलटा पडेन असं सगळे म्हणतात.

दोन्ही. कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे खरं थांबवायचं काम पुढचा ब्रेकच करतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. उलटं पडायला होतं ते एकदम गच्च दाबल्यामुळे आणि अंग पुढे झोकल्यामुळे. हळूहळू जोर वाढवा, बूड मागे सरकवा, कोपर ताठ. वाळू, ओल किंवा वळण असेल तेव्हा पुढचा ब्रेक जपून.

पंक्चर मला काढता येईल? हात काळे होतात वगैरे...

येईल आणि यायलाच हवं, कारण ही एक गोष्ट आली की सायकलवरचा विश्वास एकदम वाढतो, हे मी नव्या लोकांमध्ये परत परत बघितलंय. आमच्यातल्या एक काकू, साठीच्या पुढच्या, पहिल्या वर्कशॉपला लांबून बघत होत्या, आज त्याच बाकीच्यांना शिकवतात. त्यांची पद्धत सांगते.

चाक काढायचं. मागचं असेल तर आधी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आणायची, मग ते सहज निघतं. उरलेली हवा पूर्ण सोडायची आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, याने कड ढिली होते आणि लिव्हर (टायर उचकटायची चपटी पट्टी) घालायला जोर लागत नाही. बहुतेक लोक ही एक गोष्ट करत नाहीत आणि मग टायर निघत नाही म्हणून वैतागतात. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने दोन लिव्हर लावून एक कड बाहेर, ट्यूब बाहेर. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवायची, गालाला बारीक झुळूकही कळते. नाही कळलं तर पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. भोक सापडलं की पेनने खूण, मोठी, कारण घासताना ती पुसली जाते.

मग इथे काकू थांबतात आणि सगळ्यांना टायरच्या आतून बोट फिरवायला लावतात. सावकाश, कापड गुंडाळून, पूर्ण गोल. काच किंवा तार आत असेल तर ती काढल्याशिवाय पॅच लावून उपयोग नाही, पुढच्या चौकात परत हवा जाईल. ट्यूब आणि टायर शेजारी ठेवून भोकासमोर टायरची कुठली जागा येते ते बघितलं की पटकन सापडते. भोकं दोन असतील, शेजारी शेजारी, सापाच्या दातांसारखी, तर काटा वगैरे नसतो, हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर रिम आपटून ट्यूब चिमटलेली असते, त्यावर उपाय म्हणजे हवा चेक करणं.

पॉलिश पेपरने भोकाभोवतीचा भाग खरखरीत करायचा, सोल्युशन पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर पातळ लावायचं आणि थांबायचं. चकाकी जाऊन बोटाला कोरडं लागेपर्यंत, दोन-चार मिनिटं. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच निघतो. मग पॅच मधून बाहेर दाबत बसवायचा. ट्यूबमध्ये थोडी हवा घालून आकार आला की आत बसवायची, टायरची कड हातानेच चढवायची, लिव्हरने चढवली तर ट्यूब चिमटते. व्हॉल्व्हपाशी शेवट करायचा, व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बघायचा, आणि मग पंप.

बॅगेत एक स्पेअर ट्यूब, लिव्हर, छोटा पंप एवढं असलं की रस्त्यात ट्यूब बदलायची आणि जुनी घरी निवांत जोडायची.

टायर आणायला गेले तर २८ इंच म्हणून दिलेला बसलाच नाही. का?

कारण इंचाची नावं फसवी आहेत. टायरच्या बाजूला दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला रुंदी, दुसरा रिमवर जिथे कड बसते तो व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या पद्धतीच्या २८ बाय दीड सायकलींचा व्यास ६३५ असतो, तर ७००सी नावाच्या मापालाही २८ म्हणतात आणि त्याचा व्यास ६२२. ते एकमेकांना बसत नाहीत. २९ इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, मात्र ६२२ च. त्यामुळे नाव विसरा, दुसरा आकडा जुळवा.

मेंटेनन्स किती लागतो?

आठवड्यातून एकदा हवा बघणं, चेनला तेल (लावून, पाच मिनिटांनी बाहेरचं पुसून टाकायचं, तेल आत हवं, बाहेरचं धूळ पकडतं), ब्रेक पॅड किती उरलेत ते बघणं. चेन मात्र मोजा. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २४ अंतरं बरोबर १२ इंच. पट्टी धरून मोजल्यावर ती १२ इंच आणि वर एक सोळांश भरली की चेन बदला. एक अष्टमांश झाली तर चेनने मागचे दातेही खाल्लेले असतात आणि खर्च वाढतो.

पॅडल काढताना अडलात तर: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पान्हा पॅडलवर उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने फिरवा, दोन्ही बाजूंना हाच नियम.

कुलूप कसं लावायचं?

जड यू-लॉक, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात, आणि जमिनीत पक्क्या असलेल्या गोष्टीला. नुसतं चाक अडकवलं तर चाक राहतं आणि सायकल जाते. फ्रेमच्या खाली नंबर कोरलेला असतो, त्याचा आणि सायकलचा फोटो आजच काढून ठेवा.

ग्रुप राइडला यायचंय, पण मी फार स्लो आहे. मागे राहिले तर?

राहा ना. राइड दोन प्रकारच्या असतात आणि घोळ होतो तो दोन्हींना एकच नाव दिल्याने. एक वेगाची राइड, त्यात मागे पडलेल्यासाठी थांबत नाहीत आणि ते आधीच सांगितलेलं असतं. दुसरी नो-ड्रॉप, त्यात कोणालाही सोडायचं नाही. पुढे एक लीड असतो ज्याच्या पुढे कोणी जायचं नाही, आणि सगळ्यात मागे एक स्वीप, ज्याच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रत्येक वळणावर स्वीप दिसेपर्यंत सगळे थांबतात.

या थांबण्यात एक चूक फार होते, आणि मला तिचा राग येतो म्हणून लिहितेय. पुढचे दहा मिनिटं आधी पोचून गप्पा मारतात, पाणी पितात, आणि शेवटची व्यक्ती धापा टाकत आली की लगेच 'चला, आले सगळे' म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला ती मिळाली आणि जिला होती तिला नाही. ती बाई पुढच्या रविवारी येत नाही. थांबण्याची वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची, त्याने पाणी पिऊन स्वतः 'चला' म्हटलं की निघायचं. आमच्याकडे हा नियम पक्का आहे, आणि स्वीप म्हणून ग्रुपमधला सगळ्यात दमदार माणूस असतो, कारण मागे थांबून परत गाठणं त्यालाच जमतं.

बाकी राइडमध्ये: पुढच्याच्या चाकाला तुमचं चाक बाजूने ओव्हरलॅप होऊ देऊ नका, अचानक ब्रेक नाही, खड्डा दिसला की बोटाने दाखवून ओरडा, तेच वाक्य मागच्याने त्याच्या मागच्याला सांगायचं. 'खड्डा', 'काच', 'मागून गाडी', 'थांबतोय', एवढे शब्द पुरतात.

खास कपडे, क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी), ग्लोव्ह्ज लागतात का?

कामावर जायला नाही. पॅंटचा उजवा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून पट्टी, ओढणी-साडीसाठी चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी. एवढंच.

ग्रुपमधले सगळे २००-३०० किलोमीटरच्या गोष्टी करतात. ते काय असतं?

ब्रेव्हे. ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. यातली सगळ्यात नावाजलेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, साधारण १,२०० किलोमीटर, ९० तास, १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली. फार सुंदर गोष्ट आहे, पण ती करणारा मोठा आणि रोज बाजारात जाणारा छोटा असं ग्रुपमध्ये होऊ देऊ नका. मला विचाराल तर रोज भाजीला सायकलने जाणाऱ्याने जास्त बदल घडवलाय.

मुलांना शाळेत सायकलने पाठवायचंय, एकटं सोडायचा धीर होत नाही.

बाइक बस करा. बार्सिलोनामुळे 'बिसिबुस' या नावाने ती बरीच गाजली. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, मोठी माणसं पुढे-मागे आणि गाड्यांच्या बाजूला, मुलं मध्ये, वाटेत एकेक मूल येऊन मिसळतं. तीन घरं तयार झाली तरी सुरू करता येते. आठवड्यातून एकच दिवस ठेवा, पण तो दिवस चुकवू नका.

रस्ते नीट होत नाहीत तोवर हे सगळं करून काय उपयोग?

उलट, रस्ते नीट झाले ते लोकांनी आधी केल्यामुळे. आज सायकलींसाठी नावाजलेलं नेदरलँड्स पहिल्यापासून असं नव्हतं. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. मग आईबाप, मुलं रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच मुलांचे खून थांबवा असं होतं, पुढे १९७५ मध्ये सायकलवाल्यांची संघटना उभी राहिली आणि लेन, चौक, वेगमर्यादा हे हळूहळू बदलत गेलं. बोगोटामध्ये १९७४ मध्ये सायकलप्रेमींच्या पुढाकाराने रस्ते काही तास गाड्यांना बंद झाले, आज तिथे रविवारी आणि सुट्टीला १०० किलोमीटरहून जास्त रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळे असतात.

तुम्ही मागणी करताना एका वेळी एकच मागा. 'सायकलींसाठी काहीतरी करा' या पत्राचं काही होत नाही. अमुक चौकात झाकण रस्त्यापेक्षा इतकं खाली आहे, हा फोटो, ही तारीख, रोज सकाळी ८ ते ९ मध्ये इथून इतक्या सायकली जातात, असं लिहिलं की कोणाच्या तरी टेबलावर ते नीट पोचतं. मोजणी तुम्हीच करायची, दोघांनी, वहीत रेघा मारून. आणि काम झालं तर आभाराचं पत्रही पाठवा, ते वाचणारा माणूस पुढच्या वेळी तुमचं ऐकतो.

तब्येतीला खरंच फरक पडतो का?

२०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला, ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये, गाडी किंवा बस-ट्रेनने जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या वर्षांतल्या मृत्यूची जोखीम ४१ टक्के कमी दिसली. सगळं श्रेय सायकलचंच असं त्यावरून सिद्ध होत नाही, निरोगी माणसंच सायकल काढत असतील असंही असू शकतं, अभ्यास करणाऱ्यांनी वय, सिगारेट वगैरे शक्य तेवढं हिशोबात धरलं होतं. हार्टचा त्रास किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर.

आमच्या भागात ग्रुपच नाहीये.

मग तुम्हीच आणि आणखी एक जण. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ज्याची सायकल रोज दिसते त्याला थांबवून बोला. एक वार, एक वेळ, एक जागा ठरवा आणि ती अजिबात बदलू नका, दोघंच असलात तरी, कारण नवीन माणूस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धीर करून येतो आणि त्या दिवशी तिथे कोणी नसेल तर परत येत नाही. पहिली राइड १० किलोमीटरच्या आतली ठेवा. महिन्यातून एकदा राइडऐवजी दुरुस्ती करा, पंप, पान्हे आणि पंक्चरचं सामान घेऊन दोन तास बसायचं, ज्याची बंद सायकल आहे त्याने घेऊन यायची आणि स्वतः हात लावायचा, तुम्ही फक्त दाखवायचं. २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये सुरू झालेले रिपेअर कॅफे याच पद्धतीने चालतात आणि आता ते कितीतरी देशांत आहेत. अशा दिवशी जी माणसं येतात ती राइडला कधीच आली नसती, गॅलरीत धूळ खात पडलेली सायकल घेऊन येतात आणि जाताना चालवत जातात. त्यांचे नंबर घ्या, घर कुठल्या दिशेला आहे ते विचारा, आणि सोमवारी त्या बाजूने कोण जातं ते बघून दोघांची गाठ घालून द्या.